माजी सैनिकासाठी गोधडी: त्यांची गोष्ट टाक्यांत कशी उतरवावी

कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकमध्ये तैनात होता, तेव्हा २००३ साली त्यांनी अमेरिकेत सैनिकांसाठी गोधड्या शिवायचं काम सुरू केलं. ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ या त्यांच्या उपक्रमातून आजवर तीन लाखांहून अधिक गोधड्या सन्मानाने दिल्या गेल्या आहेत. आपल्याकडे तर गोधडी घरोघरी आहे आणि फौजीही गावोगाव. सातारा जिल्ह्यातल्या ‘मिलिटरी अपशिंगे’चेच ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा घरांतल्या माणसासाठी गोधडी करायची, तर सुईआधी कान लागतो.

आधी ऐकायला बसा

गावात कुणी ओळखीचं नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. भेटल्यावर “लढाई कशी होती?” असं एकदम विचारू नका. ट्रेनिंगला कुठे होता, पलटणीतला जोडीदार कोण, सुट्टीला घरी येताना कुठली गाडी पकडायचा, घरून काय पाठवायचे, असं विचारत गेलं की माणूस आपोआप बोलतो. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्यांना तर हे फारसं कुणी विचारलेलंच नसतं. एखाद्या ठिकाणी ते थांबले, तर आपणही थांबावं. त्यांच्या पत्नीलाही विचारा. पत्रांची, एकटीने काढलेल्या पावसाळ्यांची अर्धी गोष्ट त्यांच्याकडे असते. वीरपत्नीसाठी गोधडी करत असाल, तर विषय त्यांना हवा तितकाच काढावा.

ऐकलेल्यातून चार-पाच खुणा निवडा: बर्फाचा डोंगर, काळी ट्रंक, रेल्वेचे रूळ, ‘५६ एपीओ’ हा फौजी पत्ता. बंदुका आणि रणगाडे कुठल्याही गोधडीवर चालतील; ट्रंक मात्र त्यांचीच असते.

तिरंग्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट

गोधडीवर राष्ट्रध्वज भरू किंवा जोडू नका. कुशन, रुमाल, नॅपकिन, कपडे यांवर ध्वज भरणं किंवा छापणं १९७१च्या कायद्यानुसार ध्वजाचा अवमान ठरतं. मग अंथरायच्या-पांघरायच्या वस्तूवर तो नकोच. केशरी, पांढरे, हिरवे तुकडे इतर रंगांत मिसळून विखरून लावा, पट्टे आणि अशोकचक्र टाळा. पलटणीचे रंग त्यांनाच विचारून घ्या. जुनी वर्दी त्यांनी आपणहून दिली तरच कापा. पदकं आणि त्यांच्या फिती जागच्या जागीच राहू द्याव्यात.

कापड

वापरून मऊ झालेलं सुती कापडच घ्या. सिंथेटिक साडी घसरते आणि टाका नीट बसत नाही. त्यांच्या घरातली, आईची किंवा पत्नीची साडी मिळाली, तर ती अस्तराला लावा, म्हणजे ती अंगालगत येईल.

एका माणसाला सुमारे ५ फूट बाय साडेसहा फूट गोधडी पुरते. नऊवारी साधारण ८.२ मीटर भरते. तिचे १.६ मीटरचे पाच तुकडे होतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की एक थर. दोन नऊवारींत असे पाच थर बसतात: एक अस्तर, तीन आतले, एक वरचा. वरच्या थरावर ठिगळं येतील. सगळं कापड आधी धुऊन खळ काढून टाका. लाल आणि गडद रंगांवर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा.

शिवण

सतरंजीवर अस्तर अंथरा, त्यावर एकेक थर हाताने सुरकुत्या काढत पसरा. कडेने आणि मधोमध मोठे कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवा. ही पायरी टाळली की मध्ये फुगा येतो आणि तो पुढे जात नाही.

चारी कडा आत दुमडून शिवा. मग ठिगळं मांडा. शिवण्याआधी उभं राहून लांबून पाहा, शक्य असेल तर त्यांनाही दाखवा. ठिगळांच्या कडा पाव इंच दुमडून टाचा. खुणांचं भरतकाम ठिगळ जोडण्याआधीच उरकावं. पाच थरांतून बारीक काम होत नाही.

आता धावदोरा. लांब सुई, मोठं नेढं, जाड सुती दोरा आणि बोटात अंगुस्तान. कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत मध्याकडे या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा फार ओढला की गोधडी आकसते. चार बायका चार बाजूंनी बसल्या तर काम भराभर होतं आणि ऐकलेली गोष्टही सगळ्यांच्या कानी पडते. टाके थोडे वेगवेगळे दिसतील, ते तसेच असू द्या.

नाव आणि गोष्ट

अस्तराच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी शिवा. तिच्यावर नाव, हुद्दा, पलटण, सेवेची वर्षं आणि शिवणाऱ्यांची नावं भरा. सर्व्हिस नंबर मात्र घालू नका, तो पेन्शनच्या कागदपत्रांवर असतो. गोष्ट दोन पानांत लिहून काढा, त्यांना वाचून दाखवा, ते सांगतील ते गाळा आणि गोधडीसोबत द्या.

देताना

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. १९५३ साली याच दिवशी फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले. थंडीही असते, म्हणून हा दिवस मला सर्वांत योग्य वाटतो. भाषणं कमी ठेवा. हुद्द्यासह नाव घ्या, “सुभेदार साहेब” म्हणा आणि गोधडी खांद्यांवर पांघरा. घरच्यांना सांगून ठेवा: कपाटात ठेवायची नाही, रोज वापरायची. गार पाण्यात साध्या साबणाने धुवायची, पिळायची नाही, उलटी करून सावलीत वाळवायची. कुठे उसवली तर कळवायचं, आम्ही येऊन टाका घालू.