परतीच्या पावसाआधी फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन सुरू करून ठेवा

उत्तरा-हस्ताचा पाऊस आपल्याकडे रब्बी ज्वारीची ओल देऊन जातो आणि काढणीला आलेल्या सोयाबीनची वाटही लावतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी माढा, मोहोळ, करमाळ्याच्या रानांत शिरलं तेव्हा फोटो सगळ्यांनीच काढले. पण नुसत्या पाण्याच्या फोटोवरून ते रान कुणाचं, कुठल्या गटातलं, हे कसं कळणार? म्हणून फोटोत जागेची नोंद हवी, आणि ती सोय पाऊस यायच्या आधी करायची असते.

आधी कॅमेरा उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये जा. 'लोकेशन टॅग' किंवा 'सेव्ह लोकेशन' असं काहीतरी दिसेल. कंपनीगणिक नाव बदलतं. ते सुरू करा. मग फोनच्या मुख्य सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी आहे का ते बघा. इथेच बरेच जण फसतात. नव्या अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये 'अंदाजे' आणि 'अचूक' असे दोन प्रकार असतात. 'अंदाजे' ठेवलं तर फोन फार तर तुमचं शिवार सांगेल, गट नाही. 'अचूक'च हवं. फोनची तारीख-वेळही आपोआप घेण्यावर ठेवा.

रानात रेंज नाही म्हणून लोकेशन येत नाही, हा गैरसमज सोडा. जीपीएस थेट उपग्रहाकडून येतं, त्याला नेट लागत नाही. नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ लागतो, एवढंच. गाडीवरून उतरल्या उतरल्या फोटो मारला तर कधीकधी मागच्या ठिकाणचीच नोंद पडते. म्हणून आधी नकाशाचं अ‍ॅप उघडा, निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान होऊ द्या, मग कॅमेरा. वाढलेल्या उसात किंवा दाट झाडाखाली आकाश झाकलेलं असतं, तिथे जागा हलते. आपल्याच हद्दीत मोकळ्या पट्ट्यात उभे राहा.

पहिला फोटो काढला की लगेच तपासा. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला किंवा 'तपशील' दाबला की नकाशा किंवा अक्षांश-रेखांश दिसतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अक्षांश १७ किंवा १८ ने सुरू होतो, रेखांश ७४ ते ७६ च्या घरात. रान करमाळ्याला आणि आकडा १७.६६, ७५.९० असा दिसत असेल, तर ते सोलापूर शहर आहे. फोटो पुन्हा काढा. दशांशानंतर चार आकडे असले की जागा साधारण अकरा मीटरपर्यंत कळते. दोनच असतील तर किलोमीटरभराचा फरक पडू शकतो, म्हणजे शेजारचंच काय, पलीकडच्या वस्तीचं रानही तुमचं ठरायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढं करून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आतली जागेची नोंद गळून जाते. समोरच्याला चित्र मिळतं, पत्ता नाही. पाठवताना 'डॉक्युमेंट' निवडून फाइल पाठवा, म्हणजे नोंद टिकते. किंवा फोटोवरच गाव, आकडे आणि वेळ छापणारं जीपीएस कॅमेऱ्याचं अ‍ॅप वापरा. पंचनाम्याला येणाऱ्यांना तेही सोपं पडतं. तसं असलं तरी साधा मूळ फोटोही काढून ठेवा. आणि हो, असा आकडे छापलेला डाळिंबाच्या बागेचा फोटो माल तयार असताना दहा ग्रुपवर फिरवू नका. चोराला वेगळा पत्ता लागत नाही.

जुन्या फोटोला नंतर जागा जोडता येते. गुगल फोटोजमध्ये 'लोकेशन जोडा' असतं. द्राक्षाच्या कुठल्या प्लॉटची छाटणी कधी झाली, हे स्वतःला लक्षात ठेवायला ते बरं. नुकसानीच्या फोटोला मात्र हा उद्योग करू नका, शंका येते.

फोटो काढायचे कसे? पीक चांगलं उभं असतानाच आज एक काढून ठेवा, विहीर, विजेची डीपी किंवा ओळखीचं झाड दिसेल असा. नुकसान झालं तर त्याच जागेवरून दुसरा. मग जवळून: शेंगेला फुटलेले कोंब, आडवी झालेली तूर, पाण्यात बुडालेला कांदा. ई-पीक पाहणी, म्हणजे अ‍ॅपवरची पिकाची नोंद, राहिली असेल तर आधी ती उरका. तिथेही लोकेशन सुरू ठेवून आपल्याच रानात उभं राहावं लागतं.

शासकीय मदतीला ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं आणि ते पंचनाम्यात ठरतं. फोटो त्याला आधार देतो, त्याची जागा घेत नाही. २०२५ च्या खरिपात राज्यातला पीक विमा पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे निवडक रानांत पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर आला. यंदा तुमच्या पिकाला वैयक्तिक नुकसानीची सूचना देता येते का, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना आत्ताच विचारा. देता येत असेल तर मुदत तासांत मोजतात, हे ध्यानात ठेवा.

गट नंबरच्या नावाने फोनमध्ये वेगळा अल्बम करा आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा पोराच्या फोनमध्ये टाका. पावसात पीक भिजतं तसा फोनही भिजतो.