तिहाई आणि समीकरण: दोन शिक्षकांनी मिळून घ्यावयाचा पाठ

नृत्य आणि गणित यांची सांगड घालायची म्हटले की बहुधा पाढ्यांना चाल लावून त्यावर हातवारे बसवले जातात. मुले रमतात, पण गणित होते तिथेच राहते. म्हणून दोन्ही शिक्षकांनी पहिल्या बैठकीत एवढेच ठरवावे की, कोणती संकल्पना चुकली असता नृत्यही चुकेल. कथकातील तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन ताल पूर्ण करणारी रचना, या कसोटीला उतरते, आणि सातवी-आठवीच्या समीकरणांसाठी मला तिच्याइतके चांगले साधन दुसरे सापडलेले नाही.

प्रथम नृत्यशिक्षकाने गणितशिक्षकाला हाताने ताल देत तिहाई शिकवावी. तीनतालाच्या मात्रा १६. बोलांचा, म्हणजे ‘ता थेई’सारख्या तालाच्या अक्षरांचा, एकच तुकडा तीनदा घ्यायचा, मधे दोनदा सारखाच विराम ठेवायचा आणि शेवटचा आघात समेवर आणायचा. सम ही पुढच्या आवर्तनाची, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीची, पहिली मात्रा असल्याने, समेपासून उचललेली तिहाई १७ मात्रा व्यापते. ही वाढीव मात्रा गणितशिक्षकाच्या स्वतःच्या अंगात मुरल्याशिवाय त्याने वर्गात जाऊ नये, कारण मुलांची चूक नेमकी इथेच होते.

पाठासाठी जोडतासिका मागून घ्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्मिक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, तो मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडतो. दोन्ही शिक्षक पूर्ण वेळ वर्गात हवेत. एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याने शिस्त सांभाळायची, अशी वाटणी नको. आधी पढंत, म्हणजे हाताने ताल देत बोल तोंडाने म्हणणे, मग पदन्यास, आणि फळ्यावर काहीही लिहिण्यापूर्वी मुलांनाच तुकड्याची लांबी शोधू द्यावी. विराम एका मात्रेचा धरून ज्यांनी बेरीज १६ केली, त्यांना ३क्ष + २ = १६ यातून १४/३ असे उत्तर मिळते आणि पाय अडखळतो; १७ धरल्यावर ५ येते आणि पाऊल समेवर पडते. दुरुस्ती शिक्षकाने सांगण्याआधी ती मुलांच्या कानांना कळावी, यासाठी त्या क्षणी दोघांनीही थोडे थांबावे. पुढे विराम बदलून पाहावा: तुकडा ३ मात्रांचा केला तर विराम ४ मात्रांचा लागतो. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उचलल्यास ९ मात्रा मिळतात आणि ३-३-३ अशी विरामाशिवायची, बेदम तिहाई जमते.

कथक जाणणारे शिक्षक नसतील तर लेझीम घ्यावी. पहिल्या ठोक्याला एकत्र सुरुवात करून एका रांगेने दर तिसऱ्या आणि दुसरीने दर चौथ्या ठोक्याला बैठक मारली, की दोन्ही रांगा १२ ठोक्यांनी पुन्हा एकत्र येतात; लसावि तिथे दिसतो.

मूल्यमापन वेगवेगळे करावे: समीकरणाची मांडणी गणितशिक्षकाने तपासावी, लय आणि सम नृत्यशिक्षकाने. नंतर दोघांनी नोंदी शेजारी ठेवून, ज्या मुलाची सम अचूक येते पण समीकरण मांडता येत नाही, त्याच्यासाठी १० मात्रांच्या झपतालातली तिहाई पुढच्या पाठात आखावी आणि तिचे समीकरण त्यालाच फळ्यावर लिहायला सांगावे.