जुन्या सार्वजनिक बागेचा जीर्णोद्धार: कोकणातल्या शहरांसाठी कामाचा क्रम

कोकणातल्या जुन्या शहरात कचेरी, बाजारपेठ आणि एसटी स्थानक यांच्या मधल्या भागात बहुधा एखादी सार्वजनिक बाग असते. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, मधोमध चौथरा किंवा पुतळा, एक विहीर आणि शहरातल्या कोणत्याही इमारतीपेक्षा वयाने मोठे असे चार-दोन वृक्ष, एवढाच तिचा पसारा असतो. नगरपरिषदेला सुशोभीकरणाचा निधी मिळाला की या बागेचा क्रमांक लागतो आणि काही महिन्यांत तिथे पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजे, ओपन जिम आणि हायमास्ट दिवा उभा राहतो. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत कारंजे बंद पडते, ब्लॉक खचतात, व्यायामाची साधने गंजतात आणि सर्वांत जुने झाड वाळू लागते. हे टाळता येते. त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागतो: आधी पाणी, मग झाडे, मग दगड आणि बाकडी-दिवे अगदी शेवटी.

ऐतिहासिक बागांच्या जतनासाठी १९८१ साली फ्लॉरेन्स येथे जी सनद तयार झाली, तिच्यात बागेला जिवंत स्मारक म्हटले आहे आणि सखोल अभ्यास झाल्याशिवाय जीर्णोद्धाराला हात घालू नये, असे स्पष्ट बजावले आहे. आपल्याकडे हा अभ्यासाचा टप्पाच गाळला जातो, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही. तरीही पहिले वर्ष त्यालाच दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कागद, नकाशे आणि जुनी छायाचित्रे

सुरुवात नगर भूमापन कार्यालयातून करावी. मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढला की जागा नगरपरिषदेची आहे, शासनाची आहे, देवस्थानाची आहे की कोणा दात्याने अटी घालून दिलेली आहे, हे कळते. दानपत्रातल्या अटी पुष्कळदा विसरल्या गेलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच पुढे न्यायालयात उभ्या राहतात. त्यानंतर नगरपरिषदेची जुनी ठरावबुके पाहावीत. बागेत काय, केव्हा आणि कोणत्या खर्चाने बांधले याच्या नोंदी तिथे मिळू शकतात. रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियर १८८० चे, तर कुलाबा आणि जंजिऱ्याचे १८८३ चे आहे. त्यांत बागेचा थेट उल्लेख नसला तरी तेव्हाचे रस्ते, तळी, विहिरी आणि कचेऱ्या यांची वर्णने असल्यामुळे शहराची मूळ मांडणी समजते.

छायाचित्रांसाठी शहरातल्या जुन्या घरांकडे आणि शाळांकडे जाहीर विनंती करावी. चौथऱ्यावर बसवून काढलेल्या शाळेच्या सामुदायिक छायाचित्रात किती पायऱ्या दिसतात, हे मोजून पाहावे. छायाचित्रात चार पायऱ्या असतील आणि आज जागेवर तीनच दिसत असतील, तर बागेची जमीन भर घालून उंचावली आहे, हा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या साऱ्या कामाची दिशा त्यावरून ठरते.

परवानग्यांची चौकशीही याच वेळी करावी. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित (म्हणजे परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही असे) असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखी संरक्षित स्मारके या किनाऱ्यावर अनेक असल्यामुळे हे अंतर मोजून घेणे आवश्यक आहे. बाग समुद्राजवळ किंवा खाडीकाठी असेल तर २०१९ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेप्रमाणे ती कोणत्या वर्गात येते, हेही तपासावे.

एक पूर्ण पावसाळा पाहावा

कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने कोरडे जातात. जुन्या बागा बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी वाटांना उतार दिले, गडग्याच्या तळाशी पाणी जाण्यासाठी मोऱ्या ठेवल्या आणि वरचे पाणी विहिरीकडे किंवा तळ्याकडे वळवले. बागेतल्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी या वाटा बुजल्याचे कारण असते.

म्हणून आराखड्याला बसण्यापूर्वी एका पावसाळ्यात, जोराची सर चालू असताना, बागेत उभे राहून पाणी कुठून येते, कुठे तुंबते आणि कुठून बाहेर पडते हे पाहावे. फक्कीच्या रेषा पावसात टिकत नाहीत, त्यामुळे पाण्याच्या कडेने बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात आणि उघडीप मिळाल्यावर त्या नकाशावर उतरवाव्यात. जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये एकेकदा हे केले तरी खरा नकाशा हाती येतो. गडग्याच्या मोऱ्या बाहेरच्या बाजूने शोधाव्यात. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्याने त्या गाडल्या गेलेल्या असतात, आणि अशा ठिकाणी बागेतले पाणी रस्त्यावर जाण्याऐवजी रस्त्यावरचेच पाणी बागेत उतरते.

पाऊस संपल्यावर सर्वांत जुन्या बाकाच्या किंवा पायरीच्या कडेला दोन फूट लांब-रुंद चाचणी खड्डा हाताने खणावा. त्यात वरून खाली पेव्हर ब्लॉक, खडीची चुरी, जुनी सिमेंटची लादी, विटांचे तुकडे मिसळलेली भर आणि शेवटी जांभ्याच्या फरशीचा किंवा मुरुमाचा मूळ थर, असे एकाखाली एक थर उघडे पडतात. त्या शेवटच्या थराची पातळी हीच बागेची खरी पातळी होय. शक्य तिथे तिच्यापर्यंत उतरावे. ते जमत नसेल तर निदान आणखी भर घालू नये.

विहिरीचा गाळ एप्रिल-मे महिन्यांत काढून पाण्याची क्षारता तपासून घ्यावी. किनाऱ्यालगत जमिनीतून जास्त उपसा झाला की खारे पाणी आत सरकते, त्यामुळे हिरवळीसाठी नवी बोअरवेल मारण्याआधी दहा वेळा विचार करावा. खरे तर आठ महिने पाणी पाजावे लागेल एवढी मोठी हिरवळ कोकणातल्या बागेत असूच नये. सावलीतली मुरुमाची मोकळी जागा लोक अधिक वापरतात आणि ती पाणीही मुरू देते.

झाडे: बागेचा सर्वांत जुना भाग

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. अशा वाऱ्यात कोणते झाड टिकते हे पुष्कळ अंशी त्याच्या मुळांच्या स्थितीवर ठरते. मोठ्या झाडाची अन्न घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांवर भर टाकणे, बुंध्याला सिमेंटचा पार बांधणे किंवा केबलसाठी एका बाजूने चर खणणे म्हणजे झाडाला आधीच अधू करून ठेवणे होय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. जुन्या वड-पिंपळांना एक मीटर अगदीच अपुरा आहे. तिथे जमेल तेवढी जागा मोकळी करावी. मात्र हे काँक्रीट ब्रेकर लावून फोडू नये, छिन्नी-हातोड्याने आणि पहारीने हळूहळू काढावे.

प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन जात, छातीच्या उंचीवरचा घेर, पोकळ्या, वाळवी, बुरशी आणि कललेपणा यांची नोंद करावी. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे आणि असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली आहे. बागेतले बहुतेक मोठे वृक्ष यात येतील. त्यांची यादी वृक्ष प्राधिकरणाच्या अभिलेखात जावी, यासाठी पाठपुरावा करावा. वाळलेल्या व धोकादायक फांद्यांची छाटणी परवानगी घेऊन पावसाआधी करावी, पण झाड बोडके करू नये. तशा छाटणीनंतर फुटणारे धुमारे खोडाला कच्चे धरलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी तुटतात.

गेलेल्या झाडाच्या जागी त्याच जातीचे झाड लावावे. बकुळ गेली असेल तर बकुळ, उंडी गेली असेल तर उंडी. नोंदच सापडत नसेल तर भेंड, करंज, उंडी ही खारा वारा सोसणारी झाडे कडेला आणि ताम्हण, सुरंगी, सोनचाफा ही आतल्या बाजूला लावता येतील. मार्च-एप्रिलमध्ये सुरंगीचे वळेसर (गजरे) विकायला बसणाऱ्या बायकांना त्या बागेच्या दारात हक्काची जागा मिळाली, तर बाग आणि बाजार यांचे जुने नातेही टिकेल. रोपे आणि माती परीक्षणासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची मदत घ्यावी. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात उद्यानविद्या आणि वनशास्त्र दोन्ही शिकवले जाते.

जांभा आणि चुना

सिमेंटचा गिलावा केलेला जांभ्याचा जुना चौथरा जवळून पाहिला तर बिघाड लगेच समजतो. गिलाव्यावर बोटाच्या पेरांनी ठोकावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथला पापुद्रा सुटतो आणि आत चिऱ्याची तांबडी भुकटी व क्षारांची पांढरी बुरी दिसते. जांभा सच्छिद्र आहे, तो पाणी शोषतो आणि वाऱ्यावर सोडतो. वरून सिमेंट किंवा तैलरंग चढवला की ओल आत अडकते, क्षार पृष्ठभागाखालीच गोठतात आणि दगड आतून खिरत जातो. बाहेरून गुळगुळीत दिसणारा गिलावा काढल्यावर निम्मा चिरा हाताला लागू नये, अशी वेळ त्यामुळे येते.

यावर उपाय चुन्याचा आहे. सिमेंट हलक्या हाताने काढावे, दगड काही काळ उघडा ठेवून सुकू द्यावा आणि सांधे विरवलेल्या (पाण्यात भिजवून मुरवलेल्या) चुन्याने भरावेत. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू हे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते आणि पाण्याचा संबंध येतो तिथे सुर्खी (भाजलेल्या विटांची भुकटी) मिसळतात. खाडीची किंवा समुद्राची न धुतलेली वाळू कदापि वापरू नये, कारण तिच्यातले मीठ थेट दगडात जाते. चुना हळूहळू कठीण होतो, म्हणून काम ऑक्टोबरअखेर सुरू करून उन्हाळ्याआधी संपवावे आणि ताज्या कामावर ओली गोणपाटे टाकून ते जपावे. निकामी झालेला चिरा बदलताना नवा चिरा मापाने आणि घट्टपणाने जुन्याशी जुळणारा निवडावा. सांध्यांत उगवलेले पिंपळाचे रोप नुसते कापले तर पुन्हा फुटते. ते लहान असतानाच मुळासकट काढावे.

जुने ओतीव लोखंडी कठडे भंगारात देऊ नयेत. गंज खरवडून, प्रायमर देऊन ते रंगवता येतात आणि तुटलेला भाग साचा करून ओतून घेता येतो. नवे पोलाद बसवायचेच असेल तर ते गरम जस्तलेप दिलेले घ्यावे किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. साध्या ३०४ प्रतीवर किनाऱ्यावर लवकरच तांबूस डाग पडतात.

वापर

बाग कोण वापरते हे सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री बघून लिहून काढावे. पहाटे फिरणारे ज्येष्ठ, दुपारी एसटीची वाट पाहणारे खेड्यांतले प्रवासी, शाळा सुटल्यावरची मुले, शिमग्यात पालखी टेकवायला येणारी वाडी, मे महिन्यात आणि गणपतीत येणारे चाकरमानी, या सगळ्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. दुपारच्या प्रवाशाला सावली, पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवे असते, आणि आराखड्यांत नेमका त्याचाच विसर पडतो. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा. दिवे कमी उंचीचे आणि पिवळसर प्रकाशाचे असावेत. एका हायमास्टने बाग उजळते, पण झाडाखालचा अंधार तसाच राहतो.

निविदा आणि देखभाल

चांगला आराखडा अनेकदा अंदाजपत्रकात हरतो. शासकीय दरसूचीत पेव्हर ब्लॉकची बाब तयार असते, चुन्याच्या सांध्यांसाठी मात्र दर विश्लेषण (साहित्य आणि मजुरी मांडून दर काढणे) करावे लागते, म्हणून अभियंता सोपी बाब निवडतो. संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून ही विश्लेषणे आधीच करून घेऊन तांत्रिक मान्यतेला जोडावीत आणि जांभा-चुन्याचे काम, वृक्षांचे काम व विद्युत काम यांच्या निविदा वेगळ्या काढाव्यात. दोष दायित्व कालावधीत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, किमान दोन पावसाळे यावेत, अशी अट घालावी. मुंबईत १८६२ मध्ये सुरू झालेल्या राणीच्या बागेतील भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार २००३ ते २००८ या काळात महापालिका, वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि एक खासगी प्रतिष्ठान यांच्या त्रिपक्षीय कराराने झाला. मालकी महापालिकेची, तांत्रिक देखरेख तज्ज्ञांची आणि निधीचा काही भार बाहेरचा, ही मांडणी लहान शहरातही स्थानिक न्यास किंवा बँकेला सोबत घेऊन करता येईल. मात्र त्या बदल्यात बागेत जाहिरातीचे फलक लावू देऊ नयेत.

देखभालीचा खर्च पहिल्याच ठरावात मंजूर करून घ्यावा. एक पूर्णवेळ माळी, वर्षातून एकदा चुन्याची सफेदी, मे महिन्यात मोऱ्या आणि पन्हळ्यांची सफाई, ऑक्टोबरमध्ये झाडांची व सांध्यांची तपासणी, एवढ्या बाबींसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) असावे. माळ्याजवळ एक नोंदवही ठेवावी आणि तिच्यात झाडाच्या क्रमांकासमोर छाटणी, रोग व खत यांच्या तारखा लिहिल्या जाव्यात. ही वही दर वर्षी अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवावी आणि तिच्यातल्या नोंदींवरूनच पुढच्या वर्षीची तरतूद ठरवावी.