दोर, सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट बाद करताना या चुका टाळा

भूम-पाटोद्याकडच्या पवनचक्क्या असोत, गावोगावचे मोबाइल टॉवर असोत की उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढण्यासाठी लागलेली यारी (गाळ उपसून वर ओढणारी क्रेन) असो, मराठवाड्यात दोरावर जीव टाकून काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. सुटीच्या दिवशी कड्यांवर सराव करणाऱ्या गिर्यारोहकांचे साहित्यही बहुतांशी याच जातीचे असते, आणि ते कधी बाद करायचे याविषयीच्या चुकाही सगळीकडे सारख्याच आढळतात.

सर्वांत मोठी चूक वर्षे मोजण्यात होते. नायलॉन, पॉलिएस्टर किंवा डायनिमाचे (एक अतिमजबूत कृत्रिम धागा) दोर, पट्टे आणि स्लिंग (अडकवण्यासाठी शिवलेले पट्ट्यांचे फास) यांना अनेक उत्पादक निर्मितीच्या तारखेपासून कमाल 10 वर्षांचे आयुष्य देतात. आपण मात्र दुकानातल्या बिलावरची तारीख धरतो आणि माल त्याआधी गोदामात किती काळ पडून होता, याचा विचारही करत नाही. शिवाय ही 10 वर्षे म्हणजे हमी नव्हे, ती शेवटची मर्यादा आहे. रोज घासला जाणारा दोर वर्षभरातच बाद होऊ शकतो, आणि मोठा झटका बसलेला किंवा धारदार कडेवर कापला गेलेला दोर पहिल्याच दिवशी. लेबलवरचा मजकूर वाचता येत नसेल, तर वय ठरवण्याचा आधारच उरत नाही. असे साहित्य अंदाजाने वापरू नये.

दुसरी चूक केवळ डोळ्यांनी तपासण्याची. दोर सबंध हातातून सरकवत न्यावा आणि वीतभर अंतरावर त्याला वाकवून पाहावे. निरोगी दोराला गोलसर वळण पडते. एखाद्या जागी तो चपटा दुमडला किंवा बोटांना पोकळ लागला, तर वरचे आवरण शाबूत दिसत असले तरी आतला गाभा तिथे खराब झालेला असू शकतो. बेल्टमध्ये शिवणीचा धागा मुद्दाम वेगळ्या रंगाचा असतो, तो तुटलेला चटकन दिसावा म्हणून. या घरच्या तपासणीशिवाय वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासून त्याची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

साठवणुकीची चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. बेल्ट जीपमध्ये जुन्या बॅटरीशेजारी राहिला. वरवर तो नव्यासारखा दिसत होता. पण मांडीच्या पट्ट्यावर रुपयाएवढा तपकिरी, ताठर डाग पडला होता आणि तिथे नखाने खरवडताच धागे भुश्यासारखे सुटले. बॅटरीतले सल्फ्युरिक आम्ल नायलॉनला असे खाते. उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा यापेक्षा सावकाश चालतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात साहित्य पत्र्यावर वाळत टाकणे म्हणजे त्याला आमंत्रणच. सौम्य साबणाच्या साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. ब्लीच वापरू नये.

धातूच्या वस्तूंना बहुधा ठरावीक वर्षांची मुदत नसते, आणि म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. विहिरीतल्या काळ्या दगडाची बारीक कच दोराला चिकटते आणि तो दोर कॅराबिनरमध्ये, म्हणजे दोर अडकवायच्या फाटकाच्या धातूच्या कडीत, चर पाडतो. चराची धार पुढे नव्या दोरालाच कापते. चर सुमारे 1 मिलिमीटर खोल गेला, किंवा फाटक आपोआप पूर्ण मिटेनासे झाले, की कॅराबिनर बाजूला काढावा. यारीच्या तारदोरासाठी (धातूच्या तारांच्या दोरासाठी) 1998 च्या केंद्रीय बांधकाम कामगार नियमांतला दंडक उपयोगी आहे: दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या 10 टक्क्यांहून अधिक असतील, तर तो दोर वापरू नये. हेल्मेटवर जोराचा मार बसला असेल, तर तडा दिसो वा न दिसो, ते बदलावे.

उघडलेला शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे पडताना बसणारा झटका शोषणारा घडीचा पट्टा, पुन्हा घडी घालून टेपने गुंडाळलेला मी पाहिला आहे. तो एकदाच काम करण्यासाठी बनवलेला असतो.

राहिली ती शेवटची आणि मला सर्वांत सलणारी चूक: आपण बाद केलेला दोर "अजून चांगला आहे" म्हणत विहिरीवरच्या मजुराला देऊन टाकणे. जो दोर आपल्या वजनाला चालत नाही, तो साठ फूट खाली उतरणाऱ्या माणसाच्या वजनालाही चालत नाही. बाद साहित्य त्याच दिवशी कापावे. बेल्टचे पट्टे बकलाजवळून, आणि दोराचे चार-चार हातांचे तुकडे करावेत. वासराच्या दाव्याला तेवढे पुरतात आणि कुणाला त्यावर लटकता येत नाही.