पास्ता ए चेची: आदल्या रात्रीपासूनची तयारी

काबुली चणे भिजत घालणं हे पहिलं काम, आणि ते आदल्या रात्रीच करायचं. रोममध्ये शुक्रवार हा चण्यांचा वार. कॅथलिक घरात त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून तिथल्या जुन्या खानावळींत शुक्रवारी चणे आणि खारवलेला कॉड मासा ठरलेला. त्याच चण्यांचं घरगुती, दाट, चमच्याने खायचं सूप म्हणजे ‘पास्ता ए चेची’. ‘चेची’ म्हणजे चणे. चौघांसाठी पाव किलो चणे घ्यायचे, निवडून धुवायचे आणि भरपूर पाण्यात चमचाभर मीठ घालून दहा-बारा तास ठेवायचे. मीठ घातल्याने चणे शिजत नाहीत अशी समजूत आहे, पण भिजवणीतल्या मिठाने सालं उलट मऊच होतात. बोअरचं जड पाणी असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडाही घालावा, कारण पाण्यातलं कॅल्शियम सालं घट्ट धरून ठेवतं. चणे किती जुने आहेत हे डब्याकडे बघून कळत नाही. वर्षभर मागे राहिलेले असतील तर ते कितीही शिट्ट्या घेतील, तेव्हा या कामाला नवेच आणावेत.

रात्रीच पास्त्याचंही बघून ठेवायचं. रोममध्ये यात आखूड नळ्यांचा पास्ता घालतात. आपल्याकडे तो प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा बारीक एल्बो मॅकरोनी चालते. तीही नसेल तर स्पॅगेटी स्वच्छ फडक्यात गुंडाळून ओट्याच्या कडेवर मोडायची. मोडलेला पास्ता म्हणजे कमअस्सल असं मुळीच नाही. इटलीत ‘मालताल्याती’ नावाचा प्रकारच आहे, आणि त्या नावाचा अर्थच ‘वेडेवाकडे कापलेले’. फक्त पाकिटावर ड्युरम गव्हाचा उल्लेख हवा, मैद्याचा पास्ता रश्श्यात विरघळतो. चौघांना 150 ग्रॅम पुरतो. हाताला कमी वाटेल, पण तो फुगतो.

वरणफळं खाऊन वाढलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल आणि ते साहजिक आहे. इसवी सनापूर्वी 35च्या सुमारास रोमन कवी होरेस आपल्या एका कवितेत सांगतो की संध्याकाळी भटकून झालं की मी घरी परततो, ते लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी), चणे आणि ‘लागानुम’च्या थाळीकडे. लागानुम हा कणकेच्या पातळ पापुद्र्यांचा प्रकार. दक्षिणेत सालेंतोमध्ये आजही चण्यांत घरी कापलेल्या पट्ट्या घालतात, त्यांतल्या काही आधी तेलात कुरकुरीत तळतात आणि वरून पसरतात. कधीतरी तेही करून बघायचं आहे. उद्या मात्र साधंच.

सकाळी भिजवणीचं पाणी ओतून द्यायचं. कुकरमध्ये चणे, दीड लिटर ताजं पाणी, सोललेली एक लसणाची पाकळी. टोमॅटो इथे अजिबात नको, आंबटाने चणे दडस राहतात. तमालपत्रही नको. इटालियन पाककृतीत जे पान सांगतात ते लॉरेलचं, आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच मोठी शीर असते, तमालपत्राला तीन लांब शिरा, वासही वेगळा. पाच-सहा शिट्ट्या झाल्या की आच मंद करून पंधरा मिनिटं. चणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा पसरला पाहिजे, उसळीला चालतो तसा अख्खा राहिला तर अजून शिजवायचा. आणि चण्याचं पाणी फेकायचं नाही! ह्या सूपाला वेगळा स्टॉक लागत नाही तो त्याच्याच जोरावर.

ओट्यावर काय काय मांडून ठेवायचं? आपला लसूण बारीक असतो, म्हणून पाच-सहा पाकळ्या ठेचून. रोझमेरीची एक काडी. ताजी मिळाली तर उत्तम, सुकी असेल तर ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधावी, नाहीतर सुयांसारखी पानं दातांत अडकतात. चमचाभर टोमॅटो पेस्ट (केचप नव्हे, त्यात साखर असते). एक सुकी लाल मिरची. मासे खाणाऱ्यांनी अँचोव्हीचे दोन तुकडे घ्यावेत, गरम तेलात ते विरघळून जातात आणि मागे उरतो तो फक्त खमंग खारेपणा. न खाणाऱ्यांनी थोडं मीठ वाढवावं. मिसळणाच्या डब्याकडे हात जाईल, माझा दरवेळी जातो, पण जिरं पडलं की ते छोले होतात. डबा उचलून फडताळात ठेवलेला बरा.

चीजचं आधीच ठरवावं. पेकोरीनो आणि पार्मेजान या दोन्हींत जनावराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं, तेव्हा शाकाहारी पाहुणे असतील तर हिरवा ठिपका पाहूनच चीज आणावं. किंवा आणूच नये. वरून कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरपूड एवढ्यावर हे सूप पूर्ण लागतं.

संध्याकाळी जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे तेल, त्यात लसूण, मिरची, रोझमेरी, अँचोव्ही मंद आचेवर. लसूण सोनेरी झाला की टोमॅटो पेस्ट मिनिटभर परतायची आणि चणे पाण्यासकट ओतायचे. दहा मिनिटं उकळलं की रोझमेरीची काडी नाहीतर पुरचुंडी आणि मिरची काढून टाकायची. तिसरा हिस्सा चणे बाजूला घेऊन रवीने घुसळून परत घालायचे, दाटपणा त्यातूनच येतो. मिक्सर नको, त्याने फार गुळगुळीत होतं. इथपर्यंतचं सगळं दुपारीच करून ठेवलं तरी बिघडत नाही.

पास्ता मात्र माणसं घरात आल्याशिवाय टाकायचा नाही. एकदा ‘निघालो’ असा फोन आला म्हणून मी टाकला. ‘निघालो’ म्हणजे अजून आंघोळ व्हायची होती. तासाभराने पातेल्यात डाव उभा राहिला. तेव्हापासून चपलांचा आवाज ऐकूनच आच मोठी करते. शेजारी गरम पाण्याचं भांडं तयार असू द्यावं, पास्ता पाणी पितो तसं ते थोडं थोडं घालायचं आणि बुडाला लागू नये म्हणून ढवळत राहायचं. पाकिटावरच्या वेळेआधी दोन मिनिटं गॅस बंद, झाकण, पाच मिनिटं थांबायचं. उकळतं वाढलं तर चव कळत नाही, कोमट होऊ द्यावं. उद्याच्या डब्यासाठी हवं असेल तर पास्ता टाकण्याआधीच दोन वाट्या बाजूला काढायच्या.

खोलगट वाडगे, मोठे चमचे, तेलाची बाटली आणि मिरपुडीची दळणी टेबलावर आधीच नेऊन ठेवावी. नाहीतर पहिला घास झाल्यावर कुणाला तरी उठावं लागतं, आणि ती कुणीतरी दरवेळी मीच असते.