प्रिम्युला बियांपासून लावताय? या चुका टाळा

जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की आमच्या सोसायटीतलं कुणीतरी हमखास प्रिम्युलाच्या बियांचं पाकीट घेऊन येतं, फेब्रुवारीत पेरतं आणि मार्चमध्ये मला जिन्यात गाठतं. "काकू, बी खराब निघालं हो!" बी खराब नव्हतं. थंडी संपताना थंडीचं फूल पेरलं, एवढंच.

दुसऱ्या टोकाची घाई मी स्वतः करून बसले आहे. गणपतीत पेरलं, तेही गच्चीवरच्या पत्र्याखाली, आणि मेथी पेरतात तसं वर बोटभर माती ओढून. सहा आठवडे रोज पाणी घातलं. एक कोंब नाही. वैतागून सगळी माती टाकीशेजारच्या फुटक्या कुंडीत उपडी केली. नाताळाच्या आसपास टाकीचा वॉल्व बघायला वर गेले, तर त्या कुंडीत सुरकुतलेल्या पानांची नऊ इवली रोपं! उकाड्यात बी नुसतं पडून राहिलं होतं, आणि माती उपडी झाल्यामुळे वर आलेल्या बियांना उजेडही मिळाला.

दोनांपैकी नेमकी कुठली चूक भोवली ते कळेना, म्हणून पुढच्या वर्षी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घेतले, तळाला भोकं पाडली. दोन्ही गार जागी ठेवले, एकात बी झाकलं, एकात उघडं. उघड्यातलं सतराव्या दिवशी दिसायला लागलं. झाकलेल्यात कडेच्या भेगेतून दोन रोपं आली, बस्स. तेव्हापासून मी बी झाकत नाही. खसखशीपेक्षा बारीक असतं ते, चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरायचं आणि तळहाताने हलकं दाबायचं. वर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक.

या बियांना 15 ते 20 अंश लागतं. पुण्यात ऑक्टोबरमध्ये दुपारी पारा 30 च्या वर असतो आणि नोव्हेंबर उलटेपर्यंत थांबलात तर फुलं येईतो उन्हाळा लागतो. मी ऑक्टोबरअखेर पेरते आणि डबा उत्तरेच्या खिडकीत, माठाशेजारी ठेवते. घरातली तीच जागा सर्वांत गार. शास्त्र विचारू नका, हात लावून बघा.

पाचव्या दिवशी माती उकरून बघणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी मुळा लावावा. इथे दोन ते चार आठवडे लागतात.

आता पाणी. झारीने वरून घातलं की बी एका कोपऱ्यात वाहून जातं, आणि उगवल्यावर माती सतत चिंब राहिली की रोपं जमिनीलगत काळी पडून माना टाकतात. एका रात्रीत अख्खा डबा झोपलेला मी पाहिलाय. दालचिनीची पूड टाका, हळद टाका, असले उपाय लोक हौसेने सांगतात. मेलेलं रोप त्याने उठत नाही. मी पेरण्याआधी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेल्या गांडूळखताच्या मिश्रणावर उकळतं पाणी ओतते, ते पूर्ण गार झाल्यावरच बी टाकते. नंतर पाणी फक्त खालून: परातीत बोटभर पाणी, त्यात डबा, वरची माती ओलसर दिसली की बाहेर. उगवलं की प्लॅस्टिक त्याच दिवशी काढायचं.

जुनं बी घेऊ नका. उरलेलं डबीत घालून फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात नव्हे.

प्रिम्युलाच्या जाती बऱ्याच; पाकिटावर 'मॅलॅकॉइड्स' असेल तर नवख्यांनी तेच घ्यावं. 'ऑब्कोनिका'ची पानं हाताळून काहींना खाज सुटते, पुरळ येतं, हातमोजे घाला. प्रिम्युलाला इंग्रजीत प्रिमरोझ म्हणतात, पण 'ईव्हनिंग प्रिमरोझ' हे वेगळ्याच कुळातलं झाड, नावाला भुलू नका.

चार-पाच पानं आली की एकेक रोप लहान कुंडीत. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. पानांचा गड्डा मातीत पुरला तर कुजतो.

फेब्रुवारीअखेरपासून फुलं येतात, एप्रिलमध्ये झाड बसतं. तेव्हा फोन करून खत कुठलं घालू विचारू नका. त्याचं आयुष्य आपल्याकडे तेवढंच. मी उपटते आणि त्या कुंडीत अळूचा कंद लावते.