'मृत्युंजय' अखेर वाचून झालं
शिवाजी सावंतांची ही 1967 सालची कादंबरी दर वेळी माझ्या हातून मधेच सुटायची. उपाय तिच्या रचनेतच सापडला. भाग नऊ, बोलणारे सहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. मग 'कादंबरी संपवायची' हे डोक्यातून काढलं आणि एका वेळी एकाच माणसाचं ऐकायचं ठरवलं. ठाण्याहून वाशीची लोकल सुटली, बसायला मिळालं, की मोबाइल बॅगेत आणि पुस्तक मांडीवर. निवेदक बदलला की एखाद-दोन दिवस वाचन बंद, आधीचं मुरू द्यायचं. ही विश्रांती फार कामी आली. शोणने तर पकडच घेतली! धाकट्या भावाच्या नजरेतून कर्ण इतका जवळचा वाटला की घणसोली, तुर्भे कधी मागे पडलं कळलं नाही. कृष्णाचा शेवटचा भाग मात्र मुद्दाम रविवारी घरीच, सलग वाचला. आता बायकोने पुस्तक घेतलंय, ती कुंतीपर्यंत पोहोचलीय.